हातानं काढलंय की कॉम्प्युटरनं?

आमचा जिना चढून वर आलं की समोरच्या भिंतीवर आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाचं चित्र दिसतं. येणारं माणूस चपला काढता काढता ते बघतं आणि आत येऊन टेकायच्या आधीच विचारतं, "बाई, हे हातानं काढलंय की कॉम्प्युटरनं?" शेजारच्या भाभींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आ हाथे दोर्युं छे के कम्प्युटरमां?" जुने विद्यार्थी जरा आडून विचारतात, "बाई, ब्रश सोडलात का?" आणि आता दोनेक वर्षं त्यात भर पडली आहे, "एआयनं केलं का?"

"हातानं, कॉम्प्युटरवर," असं मी दारातच सांगते. त्यानं कुणाचं समाधान होत नाही. तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत, म्हणून आज बसून सविस्तर लिहिते.

बडोद्यात मी शाळेत २६ वर्षं चित्रकला शिकवली. शाळेत खडू आणि जलरंग, घरी तैलरंग. मागच्या खोलीत स्टँड, जवसाचं तेल, टर्पेंटाइनची बाटली. त्या टर्पेंटाइननं शेवटी माझ्या छातीचा घास घेतला. रात्र रात्र खोकला, धाप. डॉक्टरांनी खोली बघितली आणि बाटलीकडे बोट दाखवलं. मी रंग भाचीला देऊन टाकले. सात-आठ महिने काहीच काढलं नाही, आणि ते महिने मला आजही आठवायला नको वाटतात. मग भाच्यानं त्याचा जुना कॉम्प्युटर आणि एक पेन टॅबलेट आणून टेबलावर ठेवला. टॅबलेट म्हणजे पाटीएवढी काळी सपाट फळी, तिच्यावर स्क्रीन नाही. पेन फळीवर चालवायचं आणि चित्र समोरच्या पडद्यावर बघायचं.

हे सोपं नाही हो. आयुष्यभर नजर ब्रशच्या टोकावर ठेवलेली. इथे हात खाली आणि नजर वर. पहिला आठवडा मी सारखी खाली बघायची, आणि खाली तर काहीच उमटलेलं नसायचं. त्यातून गोल काढला की पडद्यावर अंडं. मला वाटलं हात गेला माझा. खरं कारण वेगळंच होतं. फळीच्या लांबी-रुंदीचं प्रमाण आणि पडद्याचं प्रमाण एक नव्हतं, म्हणून रेघ आडवी ताणली जात होती. सेटिंगमध्ये दोन्ही प्रमाणं जुळवली आणि गोल गोल झाला. त्या दिवशी मी पडदाभर नुसते गोल काढले, पहिलीतल्या मुलासारखे.

भाच्यानं सॉफ्टवेअर घालून दिलं ते क्रिता. फुकट आहे, आणि चित्र काढणाऱ्यांसाठीच केलेलं आहे. स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू, हे कळल्यावर मला ते जवळचं वाटलं. फोटोशॉपही मी थोडं वापरलंय. ते १९९० साली आलं ते फोटोंवर काम करण्यासाठी, नावातच आहे ते. त्यातला ब्रश चित्रकारांनी आपल्याकडे ओढून घेतला. २००२ सालच्या सातव्या आवृत्तीत ब्रशची यंत्रणाच नवी झाली आणि त्यात खरं रंगकाम करण्याजोगं खूप काही आलं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. कॉम्प्युटरमधला ब्रश नेमकं करतो काय?

त्याला केस नसतात. तो एक ठसा असतो. मी पेन ओढते तेव्हा सॉफ्टवेअर तोच ठसा पेनच्या मागोमाग उमटवत जातं. दोन ठशांमधलं अंतर ठशाच्या व्यासाच्या टक्क्यांत ठरतं, त्याला स्पेसिंग म्हणतात. ते १०० केलं तर ठसा ठशाला टेकून मण्यांची माळ दिसते. ५ वर आणलं की मणी एकमेकांत मिसळतात आणि सलग रेघ होते. दारात लक्ष्मीच्या पावलांचे छापे लांब लांब न उमटवता अगदी एकावर एक उमटवत नेले तर पट्टा होईल ना, तसंच.

दुसऱ्या दोन गोष्टी फ्लो आणि ओपॅसिटी. ज्यांनी हातानं रांगोळी घातली आहे त्यांना फ्लो लगेच समजतो. चिमूट किती सैल सोडली, म्हणजे प्रत्येक ठशातून किती रंग सुटला, तो फ्लो. ओपॅसिटी ही वरची मर्यादा. पेन उचलेपर्यंत तुम्ही त्याच जागी कितीही घासलंत तरी रंग त्याच्यापेक्षा दाट होत नाही. पेन उचललं, पुन्हा टेकवलं, की वर दुसरा थर चढतो. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. सावल्या काळ्याकुट्ट का होतात म्हणून मी महिनाभर झुंजत होते, कारण माझी सवय सारखी पेन उचलायची. तैलरंगात ब्रश उचलून पुन्हा टेकवला तर आधीचा ओला रंग त्याच्यात मिसळतो. इथे खालचा रंग आपण होऊन काही मिसळत नाही.

आणि पेनला दाब कळतो. माझ्या टॅबलेटला दाबाच्या २०४८ पायऱ्या कळतात, नव्यांपैकी बऱ्याच जणांना ८१९२ किंवा त्याहून जास्त. एवढ्या पायऱ्या माझ्या मनगटाला तरी वेगळ्या करता येत नाहीत, तेव्हा आकडा बघून महागडं यंत्र घेऊ नका. महत्त्वाचा असतो दाबाचा आलेख, म्हणजे किती जोर दिल्यावर रेघ किती जाड किंवा किती गडद व्हावी ते. फळ्यावर मागच्या बाकापर्यंत दिसेल असं लिहून लिहून माझा हात जड झालेला. साधा स्पर्श म्हणून जो करायची तोच यंत्राला पूर्ण जोर वाटायचा. मग मी आलेखाची रेघ खाली वाकवली, म्हणजे माझ्या जड हाताला हलकी रेघ मिळायला लागली. यंत्राला माझा हात शिकवावा लागला. कॉम्प्युटरनं काढलं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

काही गोष्टी या पडद्यावर नाहीत, तेही सांगायला हवं. शाळेत मी किती वर्षं शिकवलं, निळा आणि पिवळा मिळून हिरवा. पडद्यावर शुद्ध निळ्यावर शुद्ध पिवळा अर्धा पारदर्शक करून लावला तर येतो राखाडी. कारण तिथे रंगद्रव्य नाही, प्रकाश आहे. लाल, हिरवा, निळा यांचे आकडे आहेत आणि सॉफ्टवेअर त्यांची सरासरी काढतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. आता हिरवा हवा तर रंगचक्रावरून सरळ हिरवाच उचलते. पण थाळीत दोन रंग फिरवताना मधेच अवचित एखादा तिसराच सापडायचा, ते सुख गेलं. त्याची भरपाई झालेली नाही आणि झाली असं मी म्हणणार नाही.

आता तो बंब.

आमच्या वाड्याच्या मागल्या दारी, न्हाणीघराबाहेर तो असायचा. मधल्या नळकांड्यात बंबफोड लाकडं आणि करवंट्या, खाली जाळी, जाळीखाली राख. पहाटे आई तो पेटवायची आणि आम्ही भावंडं हात शेकत त्याच्याभोवती उभी. वाडा सोडला तेव्हा तो मोडीत गेला. एकही फोटो नाही. कुणी कधी बंबाचा फोटो काढतं का? म्हणून तो काढायचा असं मी ठरवलं.

कागदाचा आकार ए-३, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. ब्रश एकच, कडक काठाचा गोल. नवशिके सगळे मऊ काठाचा ब्रश धरतात, कारण त्यानं छटा आपोआप विरघळतात. पण मग सगळं रबराचं दिसतं. फळ, गाल, ढग, भांडं, सगळं एकाच रबराचं. धातूला काठ लागतो. तांब्यावर उजेड जिथे संपतो तिथे तो सुरीनं कापल्यासारखा संपतो.

मुलांना बंब रंगवायला दिला तर ती नारिंगी खडू घेतात. खरं तांबं एका रंगाचं कधीच नसतं. चिनी मातीच्या कपावर चमक पांढरी पडते, कारण वरच्या झिलईवरून उजेड होता तसाच परत येतो. तांबं मात्र परत येणाऱ्या उजेडाला आपला रंग देतं. म्हणून बंबावरची सगळ्यात उजळ जागा मी पिवळट गव्हाळी ठेवली, पांढरी नाही. सगळ्यात गडद जागा काळी नाही, जांभळट तपकिरी. अंगणाकडच्या बाजूला आकाशाचा एक मळकट निळा पट्टा. आणि त्याच्या शेजारी एक बारीक उभी हिरवी रेघ. ती रेघ म्हणजे आमची तुळस. उभ्या गोल भांड्यात समोरची वस्तू आडवी आक्रसते आणि उंच, किडकिडीत दिसते. तुळशीच्या त्या रेघेसाठी मी तीन संध्याकाळी घालवल्या. ती रेघ जाड झाली की नुसता हिरवा डाग वाटायची, बारीक झाली की ओरखडा. आईनं चिंच लावून घासलेल्या जागा चकचकीत, आणि नळकांड्याच्या तोंडाशी काजळी, तिथे मात्र मी खडबडीत ब्रश घेतला.

मधूनमधून कीबोर्डवरचं एम दाबायचं. क्रितात त्यानं चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतं. पूर्वी चित्रकार खरा आरसा घेऊन चित्राकडे पाठ करून उभे राहायचे, तेच हे. डोळ्याला सवय झालेली चूक उलट्या चित्रात चटकन उघडी पडते. बंब डावीकडे कललेला होता, तो असा सापडला.

पुसायची सोय, म्हणजे अनडू, मी जपून वापरते. तीच रेघ वीसदा काढून वीसदा पुसली की हात भित्रा होतो. तीनदा चुकली तर मी वरून दुसऱ्या रंगानं दुरुस्त करते, तैलरंगात करायची तशी. शिकायला येणाऱ्या मुलींनाही मी हाच नियम घातला आहे आणि त्या कुरकुरतात.

या सगळ्याला ४१ तास लागले. क्रितात काम चालू असताना चित्राचं रेकॉर्डिंग करायची सोय आहे. एआयचं विचारणाऱ्याला मी ते तीन मिनिटांत दाखवते. रिकाम्या कागदावर पहिली वाकडी रेघ येते तिथपासून. शब्द लिहून यंत्राकडून चित्र मागवता येतं हे मला माहीत आहे. पण माझ्या बंबावर तुळशीची ती हिरवी रेघ नेमकी कुठे दिसायची, हे मी त्याला कसं सांगणार? मलाच ते काढता काढता आठवलं. हात तिथे गेला तेव्हा आठवलं.

यंत्र मधे आलं की चित्र हाताचं राहत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना मी आमच्या देवघरात नेते. तिथे आजीच्या वेळची लक्ष्मीची तसबीर आहे, छापील. आपण बडोद्याची माणसं. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यांकडून राजवाड्यासाठी पौराणिक चित्रं करवून घेतली, फतेसिंह म्युझियममध्ये त्यांची मूळ तैलचित्रं आपण जाऊन पाहतो. त्याच रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवता घराघरांत गेल्या. त्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा, आणि एकावर एक रंग चढवत चित्र पुरं व्हायचं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले, वेगवेगळे रंगवता येणारे पारदर्शक थर, ते मला त्या दगडांसारखेच वाटतात. त्या लक्ष्मीपुढे हात जोडताना, ही हाताची की यंत्राची, असं आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही.

छपाईवरून आठवलं. बंब पहिल्यांदा एका दुकानात छापून आणला तेव्हा गुंडाळी उघडून मी मटकन बसले. पडद्यावर जो निखारा धगधगत होता तो कागदावर गेरूसारखा. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता. पडदा उजेड फेकतो, शाई उजेड शोषते, आणि पडद्यावरचे काही भडक नारिंगी, निळे, हिरवे रंग शाईला गाठताच येत नाहीत. निखारा आणखी भडक करून उपयोग नव्हता. मी भोवतालची राख आणि जाळी गडद, थंड निळसर केली. निखाऱ्याला हातही लावला नाही, आणि दुसऱ्या प्रतीत तो पेटला. हे शहाणपण मला तैलरंगांनी दिलेलं, उपयोगी पडलं इथे.

तीच दुसरी प्रत भिंतीवर आहे. दिवाळीत आत्या आली होती, वय ८४. जिन्यात कठडा धरून ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. तिनं हाताचं की कॉम्प्युटरचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "तोटी डावीकडे होती गं. उजवीकडे भिंत होती, बादली कुठे ठेवणार?"

खरंच की. उजवीकडे भिंतच होती.

पाहुणे गेल्यावर मी फाइल उघडली. तोटी वेगळ्या लेयरवर होती. ती उचलली, आडवी उलटवली, डावीकडे नेऊन ठेवली. अर्ध्या मिनिटाचं काम. पण तोटी उलटल्यावर तिच्यावरची चमकही उलटली. उजेड अंगणाकडून, डावीकडून येत होता, आणि तोटी मात्र भिंतीकडून उजळलेली दिसायला लागली. शिवाय उजवीकडे तिची जी सावली मी बंबावर रंगवली होती ती तोटीशिवाय तशीच उरली. दोन संध्याकाळी लागल्या. सावली तांब्याच्या रंगानं झाकली, तोटी पुसून पहिल्यापासून काढली, खाली एक थेंब लोंबता ठेवला. आमची तोटी कायम गळायची. आत्याला फोनवर पाठवली तर तिचं उत्तर आलं, "आता बादली ठेव."

ती ठेवते आहे. पितळी आहे, कडीपाशी चेपलेली. चेप अजून जमलेला नाही.