ओन्वुबिको आणि आमचे दगडू आजोबा

नायजेरियातल्या लागोसच्या आमच्या ऑफिसात एक वयस्कर हिशेबनीस आहेत, ओन्वुबिको. ते तिथल्या इग्बो समाजाचे. एकदा जेवताना मी सहज नावाचा अर्थ विचारला. "ओन्वु म्हणजे मरण, बिको म्हणजे कृपा कर. मरणा, हात जोडतो तुला." जोलॉफ भातात चमचा घालत म्हणाले, "माझ्याआधीची दोन गेली होती."

मला आमचे दगडू आजोबा आठवले. त्यांच्याही आधीची मुलं जगली नव्हती. आपण दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवून मरणाची नजर चुकवतो. हे लोक त्याच्याशी सरळ बोलतात.

इग्बो नाव पुष्कळदा अख्खं वाक्यच असतं. ओझोएमेना : असं पुन्हा न घडो. न्वाकाएगो : पैशापेक्षा लेकरू मोठं. आहामेफुला : माझं नाव बुडू नये. चिदी, चिनेदू, चिओमा यांतला 'चि' म्हणजे प्रत्येकाचं स्वतःचं दैवत. न्नेन्ना म्हणजे बापाची आई. आजीच परत आली असं मानून नातीला हाक मारायची! (सुरुवातीचा अर्धा 'न' मला अजून नीट जमत नाही.) नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष अझिकिवे यांनी बेंजामिन हे नाव टाकून दिलं आणि न्नामदी तेवढं ठेवलं. त्याचा अर्थ, माझा बाप जिवंत आहे.

त्यांचा जुना आठवडा चार दिवसांचा, बाजारावरून मोजलेला : एके, ओरिये, आफो, न्क्वो. न्क्वोला जन्मलेला मुलगा ओकोंक्वो, आफोचा ओकाफोर. आपले सोम्या, मंगळ्या, बुधीच की! फक्त इथे आता ती आडनावं झालीत.

मला सगळ्यात आवडलेलं नाव मुलीचं आहे, ओबिआगेली. खाऊनपिऊन सुखात राहायला आलेली. आपल्याकडे साताऱ्यात २०११ साली कितीतरी 'नकुशीं'ना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. अर्थात इथेही सगळं गोड नाही. न्वान्यीबुईफे असंही नाव आहे : बाईमाणूससुद्धा काहीतरी असतं. ते कुणाला ऐकवायला ठेवलं असेल, ते कळतंच.

हिशेबनीसांना मी आजोबांची गोष्ट सांगितली. दगडाचं नाव ऐकून ते खूप हसले. मग चमचा खाली ठेवून विचारलं, "जगले का?"

"८२ वर्षं."

"मी ५८ वर्षांचा," ते म्हणाले. "अजून तरी ऐकतंय ते माझं."