कोरे नकाशे आणि आमचा भूगोल

आमच्या शाळेत जगाचा रंगीत, कापडी अस्तराचा नकाशा होता. परंतु भूगोलाचे आमचे सर त्याकडे क्वचितच वळत. स्टेन्सिलवर स्वतः रेखाटलेला आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर छापून आणलेला कोरा नकाशा ते प्रत्येकाच्या हाती देत. त्यावर खंडांचे किनारे आणि अक्षवृत्त-रेखावृत्तांचे जाळे एवढेच असे. शाई बहुधा फिकट आणि हाताला लागणारी.

पहिले काम ठरलेले असे. नागपूरजवळून जाणारे 21 अंश उत्तर अक्षवृत्त लाल पेन्सिलीने गिरवायचे आणि त्याच्या आसपास कोण राहते ते शोधायचे. पश्चिमेला मक्का, पुढे सहारा, अटलांटिकपलीकडे क्युबा व मेक्सिको, मग पॅसिफिकमधील हवाई बेटे आणि परतीच्या वाटेवर हनोई. सूर्य सर्वांच्या डोक्यावर सारखाच येतो, तर मक्केभोवती वाळवंट आणि हनोईभोवती भाताची शेते का, या प्रश्नाचे उत्तर सर सांगत नसत. दुसरा कोरा नकाशा देऊन त्यावर मोसमी वाऱ्यांचे बाण काढायला लावत.

वऱ्हाडच्या कापसाचा धडा तर आम्ही नकाशावरच शिकलो. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाची मागणी वाढली. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला झाला. त्याआधी मुंबईची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला जात. दोन्ही मार्ग आखून झाले, की सर दोरा देत, पण अंतर मोजायला पृथ्वीगोलापाशी पाठवत. नकाशाकार मर्केटरने 1569 मध्ये योजलेल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीत, ध्रुवांकडील प्रदेश फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. भिंतीवरच्या नकाशाशी सरांचे फारसे का जमत नसे, हे मला तेव्हा कळले.

आता मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि कोरे नकाशे संगणकावरून छापतो. सोय मोठी आहे, मात्र परदेशी संकेतस्थळांवरील नकाशांत भारताची सीमा अनेकदा चुकीची असते. ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून पाहावी लागते. राज्याचा वा जिल्ह्याचा नकाशा कागदाच्या आकारानुसार लहानमोठा केला, तर त्यावर छापलेले शब्दप्रमाण (‘1 सेंमी = 10 किमी’ असे शब्दांत लिहिलेले प्रमाण) खोटे ठरते, रेषाप्रमाण (अंतरे दाखवणारी आखलेली रेषा) मात्र नकाशासोबतच बदलते. म्हणून मी रेषाप्रमाण असलेलाच नकाशा निवडतो.