सेंट झाला म्हणजे पोचला असं नाही हो

मेल पोचला नाही की आपण सगळ्यात आधी ॲपला शिव्या घालतो. आउटलुक असो, थंडरबर्ड असो, बिचाऱ्या क्लायंटचा (म्हणजे या मेल ॲपचा) यात वाटा किती, तर मेल लिहून घ्यायचा, बहुतेक वेळा ५८७ नंबरच्या पोर्टवरून आपल्या सर्व्हरच्या गळ्यात मारायचा, सेंटमध्ये एक कॉपी टाकायची आणि हात झटकून मोकळं व्हायचं. पुढची सगळी धावपळ पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल असल्या सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर मंडळींची, ज्यांचं तोंडसुद्धा आपण कधी बघत नाही.

मला यातला सगळ्यात आवडतो तो २५०. समोरच्या सर्व्हरने मेल घेतला की तो हा आकडा परत पाठवतो, आणि तिथून पुढे मेलची जबाबदारी त्याची, एकतर पोचवा नाहीतर पाठवणाऱ्याला कळवा, मधल्यामध्ये गिळायचं नाही (स्पॅमच्या नावाखाली गिळतात काही जण, ते सोडा). पुढचा सर्व्हर झोपलेला असेल तर मेल रांगेत ठेवून परत परत दार वाजवायचं, पोस्टफिक्स तर डिफॉल्टनेच ५ दिवस वाजवत बसतो, आणि आपण लॅपटॉप मिटून कधीच गेलेलो असतो. क्लायंटला हे झेपलंच नसतं, तो आपण उघडू तेव्हाच जागा.

बीसीसीची गंमतही इथलीच. मेलच्या आतलं टू, सीसी हे वाचणाऱ्यांसाठी. सर्व्हरला आरसीपीटी टू (मेल कोणाला द्यायचा ते सांगणारी कमांड) म्हणून पत्ते वेगळे सांगितले जातात, त्याला लिफाफाच म्हणतात, आणि आत नाव नाही पण लिफाफ्यावर आहे तो बीसीसीवाला. अर्थात याच फटीतून आतल्या फ्रॉममध्ये कोणीही कोणाचंही नाव घालू शकतो, मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी पाठवणारा खरा की खोटा ते तपासणारी ठिगळं मागाहून लावावी लागली.

आणि ते अनडू सेंड! जीमेल फक्त ५ ते ३० सेकंद मेल दाबून धरतं, बस्स. एकदा दुसऱ्याच्या सर्व्हरचा २५० आला की कसलं अनडू.

त्यामुळे मेल उशिरा आला तर ॲप अनइन्स्टॉल करण्याआधी एकदा पूर्ण हेडर (मेलच्या वरची एरवी लपलेली तांत्रिक माहिती) उघडा आणि रिसीव्ह्डच्या ओळी खालून वर वाचा, प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवतो, वेळेसकट. कोण किती वेळ बसून राहिला ते तिथे बऱ्यापैकी कळतं, फक्त टाइमझोन बघा.