डग्ग्याला टेकलेला गुडघा

आमच्या मंडळाच्या गणपतीत सातव्या दिवशी रात्री भजनाची बैठक असायची. सोलापूरचा पूर्व भाग, म्हणजे घराघरात यंत्रमाग. त्या रात्री गल्लीतले माग लवकर थांबायचे आणि कान एकदम मोकळे पडायचे. तीच आमची नांदी.

मी तबल्याला. चार वर्षं शिकलो, दोन परीक्षा दिल्या आणि नोकरीला लागलो, एवढीच पुंजी. लय मात्र अंगात होती, ती लेझीममुळे. गणपतीआधी महिनाभर रोज रात्री हलगीवर डाव बसायचे. तबल्याचे गुरुजी वैतागायचे, "अरे, ही हलगी नाही, तबला आहे!" खरं सांगायचं तर मला तेव्हा फरक कळत नव्हता.

भाद्रपदातल्या ओल्या हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडून स्वर उतरायचा. काळी एकच्या स्वराला लावलेला तबला बैठक सुरू होईपर्यंत पार खाली. मग वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोका, नाहीतर हॅलोजनसमोर पुडी शेका. समोरच्या आजी हसायच्या, "भाकरी भाजायलाय का तबला लावायलाय?"

गायचे आमचे मामा. चादरीच्या मागावर कामाला. घरात तेलुगू, कारखान्यात कन्नड, गाणं बहुतेक मराठीत. "पेटी आला का?" असं विचारणारे मामा अभंग मात्र एका अक्षराची चूक न करता म्हणायचे. मध्येच सिद्धरामेश्वरांचं एखादं कन्नड वचन. बाराव्या शतकातले ते शब्द मला निम्मेच कळायचे, पण ठेका धरायला तेवढे पुरत.

मामांना ऐकू कमी यायचं. वर्षानुवर्षं मागाचा खडखडाट ऐकून कान गेले होते. ते मला त्यांच्या उजव्या हाताला बसवायचे, म्हणजे माझ्या डाव्या हाताचा डग्गा त्यांच्याकडे. गाणं सुरू झालं की त्यांचा उजवा गुडघा हळूच डग्ग्याला टेकायचा. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ते कानाने नाही, गुडघ्यातून घ्यायचे. त्यामुळे माझ्या 'धा'चा घुमारा जरा जास्तच असायचा. जाणकार नाकं मुरडायचे. मुरडोत.

पुढे हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात खुर्चीत बसून नामवंतांचं पुष्कळ ऐकलं. सगळं सुंदर. पण गाण्याच्या इतक्या जवळ पुन्हा कधी बसलो नाही.

एका वर्षी मला तिहाईची, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याची, हौस आली. केरव्याचा साधा ठेका सोडून उडी मारली आणि एक मात्रा आधीच समेवर आदळलो. समोरच्या दोनशे जणांत कुणाला कळलं नाही, टाळ्यासुद्धा पडल्या. मामांचा गुडघा मात्र डग्ग्यापासून अलगद बाजूला झाला. दोन आवर्तनं तसाच. मग परत टेकला.

रात्री एक वाजता पंगत बसली. शेंगाची चटणी, दही, कडक भाकरी. मामा वाढत माझ्यापाशी आले.

"मात्रा खाल्लास बे," म्हणाले. "आता भाकरी खा."