अपेंडिक्स फुटेपर्यंत कळलं कसं नाही?

प्रश्न एकच असतो, विचारणाऱ्याप्रमाणे सूर तेवढा बदलतो. मैत्रिणी हळहळून विचारतात, मोठ्या जाऊबाई रागावून, आणि ज्यांची फारशी ओळख नाही ते जरा कोड्यात पडल्यासारखे. ‘‘दीड दिवस दुखत होतं आणि घरात बसून राहिलात?’’ आजवर मी ‘‘अहो, लक्षातच आलं नाही’’ म्हणून विषय बदलत आले. पण ते पुरतं खरं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

दुखायला लागलं ते बेंबीभोवती. अपेंडिक्स असतं खाली उजवीकडे, पण त्याच्या नसा मज्जारज्जूत जिथे शिरतात तिथेच बेंबीभोवतीच्या त्वचेच्याही शिरतात, म्हणून मेंदूला आधी चुकीचाच पत्ता मिळतो. हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मी ‘गॅसेस असतील’ म्हणाले आणि पडून राहिले. वयाच्या तेराव्या वर्षापासून दर महिन्याला पोट दुखत आलेल्या बाईला पोटदुखीची बातमी वाटत नाही.

रात्री दुखणं खाली उजवीकडे सरकलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. कमरेच्या पुढच्या हाडापासून बेंबीकडे रेघ ओढली तर हाडाकडून एक तृतीयांशावर ती जागा येते. मॅकबर्नी नावाच्या सर्जनने १८८९ मध्ये ती दाखवून दिली, आजही तिला त्याचंच नाव आहे. माझं बोट अंधारातही बरोबर तिथेच जात होतं. एक उलटी झाली. खोकला आला की कळ यायची. नवरा म्हणाला, ‘‘चल, आत्ताच दाखवून येऊ.’’ मी म्हटलं, ‘‘सकाळी बघू.’’ दुखणं साधं नाही हे तेव्हाच कळलं होतं, आणि नेमकं हेच मी कुणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी एक महत्त्वाचं काम होतं. कुठलं, ते आता डोकं खाजवूनही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुखायचं थांबलं.

हळूहळू नव्हे, एकदम. मी उठून आंघोळ केली, मुलीला फोन करून ‘‘बाबा उगाच घाबरवत होता’’ असंही सांगितलं. सुजून तटतटलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला ताण जातो आणि थोडा वेळ बरं वाटतं. तेवढ्यात पू पोटभर पसरत असतो. म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात धोक्याच्या दोन तासांत मी खुशीत केस विंचरत होते.

संध्याकाळी हुडहुडी भरली, ताप चढला, पोट फळीसारखं कडक झालं. गाडीत प्रत्येक गतिरोधकाला मी नवऱ्याच्या नावाने ओरडले. इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरने पोट हळूच दाबलं आणि हात झटकन उचलला. दाबताना मी गप्प होते, सोडल्यावर किंचाळले. त्याने पुन्हा हात लावला नाही, सरळ सर्जनला फोन केला. संमतीपत्रावर नवऱ्याने तारखेच्या जागी माझी जन्मतारीख लिहिली. सिस्टरने काही न बोलता दुसरा कागद आणून दिला.

पोट मधोमध उघडावं लागलं. पू काढून सलाईनने आतून धुतलं, नळी ठेवली. यातलं मला अर्थातच काही आठवत नाही. जादूगार हुडिनी असंच दुखणं अंगावर काढत ताप असताना मंचावर उभा राहिला आणि १९२६ मध्ये फुटलेल्या अपेंडिक्सनेच गेला. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये. माझ्या हातातल्या सुईतून थेंब थेंब जे उतरत होतं, ते त्याच्या वाट्याला आलं नाही. माझा हट्ट त्याच्यापेक्षा कमी नव्हता, जन्म तेवढा उशिरा झाला.

आतडी अशा वेळी संप करतात. ती हलेपर्यंत तोंडाने काही नाही, नाकातून नळी, कोरड्या ओठांवर ओला कापूस. रोज सकाळी सर्जन पोटावर स्टेथोस्कोप ठेवून तोच प्रश्न विचारायचे, ‘‘गॅस पास झाला का?’’ मग सिस्टर विचारायची, मग नवरा, मग फोनवरून मुलगी. ज्या गोष्टीसाठी माणूस जन्मभर चारचौघांत तोंड लपवतो, तिच्यासाठी अख्खं घर देव पाण्यात घालून बसलं होतं. चौथ्या दिवशी पहाटे ती झाली. नवऱ्याने झोपेतून उठून माझा हात हातात घेतला, आणि मुलगी झाली तेव्हा हसला होता तसा हसला. टाक्यांमुळे मला हसता येईना. पोटावर उशी दाबून धरली आणि तरी हसले.

तर कळलं कसं नाही? कळलं होतं. थांबलं तेव्हा मात्र कळलं नाही, कारण ते थांबावं म्हणूनच मी रात्रभर वाट बघत होते.

हे सांगत असताना एक गंमत दर वेळी होते. ऐकणाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या पोटावर जातो आणि बोटं चाचपू लागतात. पुष्कळदा डावीकडे. मी तो हात धरून उजवीकडे सरकवते.