आमची वाटचाल: उपग्रहाच्या चित्रापासून मोटरच्या तासांपर्यंत

नाशिकमधली आमची छोटी फर्म दिंडोरी आणि निफाड भागातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी काम करते. बहुतेक जण दोन-तीन एकरवाले. आमच्याकडून त्यांना दर आठवड्याला उपग्रहाच्या चित्रांवरून तयार केलेला एक मेसेज मोबाईलवर जातो, त्यात कोणत्या प्लॉटला ठिबक किती तास चालवायचं एवढंच असतं. बागेचा रंगीत नकाशा पाहून एका काकांनी आम्हाला विचारलं होतं, "हे छानच आहे भाऊ, पण मोटर किती तास चालवू?" तेव्हापासून आमचं सगळं काम या प्रश्नाभोवती उभं आहे.

लहान शेतकऱ्यासाठी उपग्रह कामाचा ठरला तो गेल्या दहा वर्षांत. त्याआधीच्या मोडिसच्या (नासाच्या उपग्रहांवरचा कॅमेरा) चित्रातला सगळ्यात छोटा चौकोन 250 मीटरचा, म्हणजे पंधरा एकरांचा. त्यात चार-पाच जणांची शिवारं एकत्र दिसायची. युरोपच्या सेंटिनेल-2 मालिकेतला पहिला उपग्रह 2015 मध्ये आणि दुसरा 2017 मध्ये गेला. त्यांचा चौकोन 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर, आणि आपला गुंठा 101 चौरस मीटरचा! एकराच्या बागेत असे चाळीस चौकोन बसतात. मालिकेतल्या दोन उपग्रहांना मिळून पाच दिवसांनी तीच बाग पुन्हा दिसते आणि डेटा मोफत. तो विकत घ्यावा लागला असता तर आमच्यासारख्यांनी या धंद्यात पाऊलच टाकलं नसतं.

हिशोब असा. चित्रावरून पानोरा किती ते कळतं आणि त्यावरून पीक गुणांक काढतो, म्हणजे हवामानानुसार लागणाऱ्या पाण्याचा किती भाग या पिकाला हवा तो आकडा. हवामानावरून संदर्भ बाष्पोत्सर्जन मिळतं, म्हणजे ऊन-वाऱ्याने गवताळ जमिनीतून दिवसाला किती पाणी उडून जाईल ते. समजा ते सहा मिलिमीटर आहे आणि गुणांक 0.6, तर बागेची त्या दिवसाची गरज 3.6 मिलिमीटर. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर, म्हणून गरज साधारण साडेचौदा हजार लिटरची. नऊ बाय पाच फुटांवर एकरी 968 वेली, प्रत्येकीला ताशी चार लिटर पाणी सोडणारे दोन ड्रीपर (ठिबकची तोंडं). मोटर दोन तासांच्या आत बंद व्हायला हवी. पण रात्रीची लाइट आली की ती जाईपर्यंत मोटर चालू ठेवायची, ही सवय जुनी आहे.

एका बागेत कडेचा पट्टा सलग तीन चित्रांत फिका दिसला. आम्ही फोन केला, मालकांनी लॅटरलची (ओळीतल्या ठिबकच्या नळीची) टोकाची एंड कॅप उघडली, तर आधी पांढरट क्षार आणि मग गढूळ पाणी. शेवटच्या वेलींना थेंबही पोचत नव्हता. ॲसिड ट्रीटमेंट दिली, लाइन धुतली आणि पट्टा हळूहळू सावरला. बांधावर उभं राहून हा फरक दिसत नाही, कारण पुढच्या ओळी हिरव्यागार असतात.

पण केवळ चित्रावर भरवसा ठेवू नये, असं आम्ही स्वतःच सांगतो. पावसाळी ढगांत काही दिसत नाही. प्लास्टिक आच्छादनाखालची बाग नीट वाचता येत नाही. पाण्याचा ताण बसल्यावर पान फिकं पडायला वेळ लागतो, तोवर नुकसान सुरू झालेलं असतं. अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह तापमान मोजतो, पण त्याचा मूळ चौकोन हेक्टरभर, त्यात शेजाऱ्याचीही बाग येते. आणि खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली छाटणी) घडनिर्मितीच्या काळात पाणी मुद्दाम कमी करतात, हे उपग्रहाला कुठून कळणार? म्हणून मेसेजआधी छाटणीची तारीख विचारतो आणि ओलाव्याची मुळापाशी खात्री करायला सांगतो.

आम्हाला खरी काळजी आहे ती वाचलेल्या पाण्याची. एकट्याने वाचवलेलं पाणी बहुतेकदा त्याच्याच वाढीव अर्ध्या एकराला जातं. विहिरीची पातळी होती तिथेच. याचं उत्तर आमच्याच भागात आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. तिथे पाणी मोजून घेतात आणि आपसात वाटतात. शेतकऱ्यांकडे सिंचनाचं व्यवस्थापन देणाऱ्या 2005 च्या कायद्याने राज्यभर हीच वाट मोकळी केली. म्हणून आता एकेका बागेऐवजी संस्थेच्या पूर्ण लाभक्षेत्राचा हिशोब मांडायचं काम हाती घेतलं आहे: आवर्तनात (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत) किती पाणी आलं, पिकांनी किती वापरलं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचलं. जुलै 2025 मध्ये नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह गेला. त्याचं रडार ढगांतूनही जमीन पाहतं, त्यामुळे पावसाळ्यात ढगांमुळे चित्रांत पडणारी पोकळी भरून काढता येईल का, ते तपासत आहोत. संस्थेच्या बैठकीत हे आकडे सगळ्यांसमोर मांडतो, आणि पाळी कुणाची, किती तासांची, ते सभासदच ठरवतात.