रिजनल कौन्सिलचं बिल आणि बांधामागचं घर

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन, टौरंगा किंवा नेपियरला घर घेतलं की घरपट्टीची, म्हणजे रेट्सची, दोन बिलं येतात. मोठं सिटी कौन्सिलचं. दुसरं बरंच लहान, रिजनल कौन्सिलचं, म्हणजे नद्या आणि पूर सांभाळणाऱ्या प्रादेशिक परिषदेचं, आणि ते बहुतेक लोक रक्कम बघून भरून टाकतात. वेलिंग्टन आणि क्राइस्टचर्चला ते सिटीच्या बिलातच जोडलेलं असतं, त्यामुळे नजरेतून सुटतंच. घर नदीकाठच्या सपाट जमिनीवर असेल तर आधी वाचायला हवं ते हेच. (ऑकलंडकरांना दुसरं बिल नाही, तिथे २०१० पासून दोन्ही कामं एकाच कौन्सिलकडे आहेत.)

रिजनल कौन्सिल १९८९ च्या फेररचनेत आल्या. त्यांच्या हद्दी बहुतांशी पाणलोटाप्रमाणे आखल्या आहेत, त्यामुळे वरचे डोंगर आणि खालचं शहर सहसा एकाच कौन्सिलकडे येतं. महाराष्ट्रात नदीचं पाणी जलसंपदा विभागाकडे, प्रदूषण वेगळ्या मंडळाकडे आणि काठ पालिकेकडे, ही वाटणी आपण पाहिलेली आहे. त्या मानाने ही व्यवस्था मला शहाणपणाची वाटते.

बिलात साधारण तीन प्रकारच्या ओळी असतात. पहिली जनरल रेट, मालमत्तेच्या किमतीवर. ती किंमत नुसत्या जमिनीची धरायची की घरासकट, हे कौन्सिल ठरवते. दुसरी युनिफॉर्म चार्ज, लहान युनिट असो वा बंगला, सगळ्यांना सारखी. ती गरिबाला जड जाते, म्हणूनच कायद्याने अशा सरसकट आकारांना एकूण रेट्सच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तिसरी टार्गेटेड रेट, ठरावीक कामासाठी ठरावीक लोकांकडून. नदी सापडते ती इथे.

फेरमूल्यांकनाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ते किमान तीन वर्षांतून एकदा होतं, आणि घराची किंमत २५ टक्के वाढली म्हणजे रेट्सही २५ टक्के वाढणार असं लोक धरून चालतात. तसं नसतं. कौन्सिलला किती पैसे हवेत हे आधी ठरतं, मूल्यांकनाने फक्त वाटणी बदलते. समजा सगळ्यांची सरासरी १० टक्क्यांनी वाढली आणि तुमची २५, तर किमतीवरच्या रेटमधला तुमचा वाटा १.२५ भागिले १.१०, म्हणजे जवळपास १४ टक्क्यांनी वाढतो. सरासरीपेक्षा कमी वाढली तर वाटा घटतो.

नदीच्या टार्गेटेड रेटमध्ये जमिनीचे फायद्यानुसार वर्ग पाडलेले असतात. बांधाने, इथल्या भाषेत स्टॉपबँकने, थेट वाचवलेली जमीन वरच्या वर्गात. फक्त रस्ता किंवा पूल शाबूत राहिल्याचा फायदा होतो ती खालच्या. आपला वर्ग नकाशावर तपासा. प्लॉटचे तुकडे पडल्यावर जुना वर्ग तसाच राहून जाऊ शकतो. रेटिंगच्या नोंदीत चूक असेल तर लेखी हरकत घेता येते.

या पैशातून होतं काय? सर्वांत मोठं आणि न संपणारं काम गोट्यांचं. डोंगरातून आलेली खडी सपाटीवर साचते, पात्र वर येतं, आणि बांध तेवढाच उंच असूनही त्यात मावणारं पाणी कमी होतं. म्हणून खडी काढायची. पण जास्त काढली की काठाचा आणि पुलाच्या खांबांचा पाया उघडा पडतो, त्यामुळे पात्राचे छेद वरचेवर मोजून मगच किती काढायची ते ठरतं. काठ धरून ठेवायला विलोची झाडं लावतात. त्यातला क्रॅक विलो त्रासदायक: फांदी मोडून वाहत जाते, खाली कुठेतरी रुजते आणि पात्र तुंबवते.

बांध नुसता पाणी वरून गेल्यानेच फुटतो असं नाही. पायथा खरवडला जातो, झाडांच्या मुळांच्या किंवा जनावरांच्या बिळांच्या वाटेने पाणी झिरपतं आणि माती आतून वाहून जाते. म्हणून बांधावर झाड लावणं, खड्डा खणणं, कुंपण घालणं याला परवानगी लागते. ‘परसातल्या टेकाडावर’ लिंबू लावण्याआधी चौकशी करा. वायमाकारीरी नदीला क्राइस्टचर्चच्या बाजूने बांधांची दुसरी रांग आहे ती पहिली फुटेल हे गृहीत धरूनच. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात हॉक्स बेमध्ये बांध अनेक ठिकाणी फुटले.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा आकडाही नीट वाचायला हवा. महाराष्ट्रातली लाल पूररेषाही त्याच मापाची. दर वर्षी १ टक्का शक्यता असा त्याचा अर्थ, आणि ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. घर घेण्याआधी सिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडून लिम रिपोर्ट, म्हणजे त्या मालमत्तेबद्दल कौन्सिलकडे असलेली माहिती, मागवा, तो कामाच्या १० दिवसांत मिळतो. सोबत रिजनल कौन्सिलचा पुराचा नकाशा पाहा आणि विमा कंपनीकडून लेखी होकार घ्या. नॅचरल हॅझर्ड्स कमिशनचं, म्हणजे सरकारी आपत्ती विम्याचं, संरक्षण पुरात फक्त जमिनीला आहे, घराला नाही.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दल थोडक्यात: पोहण्याच्या जागांची तपासणी लावा या संकेतस्थळावर दिसते. १०० मिलिलीटरमध्ये ई. कोलाय ५४० च्या वर गेले तर उतरू नका. मोठ्या पावसानंतर निदान दोन दिवस थांबाच, कारण कुरणांवरचं शेण नदीत आलेलं असतं.

तक्रार बिल आल्यावर करून उपयोग नाही. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, कौन्सिलची कामांची आणि खर्चाची योजना त्याआधी मंजूर व्हावी लागते. मसुदा सहसा मार्च-एप्रिलमध्ये सूचनांसाठी खुला असतो. दर तीन वर्षांनी दहा वर्षांची योजना, मधल्या वर्षी वार्षिक. ‘रेट्स फार वाढले’ एवढंच लिहू नका. कोणती योजना, मसुद्याचं कितवं पान, कोणता वर्ग आणि बदल काय हवा ते लिहा, आणि सुनावणीत बोलायचंय या चौकटीवर खूण करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने रिजनल कौन्सिलर काढून त्यांच्या जागी महापौरांचं मंडळ नेमण्याचा प्रस्ताव मांडला. खुर्चीवर कोणीही बसलं तरी बांध आणि त्यांच्यासाठी काढलेलं कर्ज रेट्समधूनच भागवावं लागणार, तेव्हा मसुद्यातलं नदीचं पान कोणाच्या सहीने निघतंय याकडे लक्ष ठेवा.